माहेरी बाळंतपण, सासरी पुढचे डोस: लस चुकू नये म्हणून

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की सासरी परतते. बाळाच्या लसींची सगळ्यात जास्त गर्दी याच काळात असते. डोस राहू नयेत म्हणून तयारी आधीपासून करा.

१. दिवस राहिल्याचं कळताच आशाताईंकडे नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचं) पहिलं इंजेक्शन तेव्हाच, दुसरं चार आठवड्यांनी. मागच्या तीन वर्षांतल्या गरोदरपणात दोन्ही घेतली असतील तर एक बूस्टर पुरतो. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात आणि धनुर्वातापासून त्याला वाचवतात. हिपॅटायटिस बी (यकृताला होणारी एक प्रकारची कावीळ) ची रक्ततपासणीही करून घ्या.

२. बाळ जन्मलं की हिपॅटायटिस बी ची लस २४ तासांच्या आत मिळायलाच हवी. पेढ्यांच्या धावपळीत ही विसरू नका, सिस्टरना स्वतःहून विचारा. आईची तपासणी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) वेगळं इंजेक्शनही लागतं, तेही १२ तासांत. त्यामुळे तो रिपोर्ट प्रसूतीला जाताना पिशवीत हवाच. शिवाय पोलिओचे थेंब आणि डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस. घरी सोडण्याआधी तिन्हींच्या तारखा कार्डावर लिहून घ्या.

बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी बारीक फोड येतो, पिकतो, खपली धरून व्रण राहतो. हे नेहमीचंच आहे, घाबरू नका. त्यावर हळद, तेल, मलम काही लावू नका.

३. पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचं नाही म्हणणाऱ्या आजींनाही यात अडचण नाही, कारण तो पहिल्या डोसाआधीच संपतो. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटाव्हायरस (जुलाबावरची लस) तिन्ही वेळा असतात. न्यूमोकोकलची (न्यूमोनियावरची) लस दीड आणि साडेतीन महिन्यांना. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. रात्री थोडा ताप येईल, मांडी दुखेल. सिस्टरनी सांगितलेल्या मापानेच पॅरासिटामॉल द्या. सुईची जागा चोळू नका, शेकूही नका. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका.

४. सासरी निघताना कार्ड बाळाच्या कपड्यांसोबत ठेवा, फोटोही काढून घ्या आणि पोहोचल्यावर तिथल्या आशाताईंना दाखवा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस. मध्ये एखादा डोस राहिलाच, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कार्ड घेऊन जा, राहिलेल्या डोसापासून पुढे देतात.