मैलापाण्याचं पंपिंग स्टेशन ऑटोवर टाकताना या चुका टाळा

सेन्सर, पीएलसी (पंप आपोआप चालवणारा छोटा संगणक), स्काडा (दुरून देखरेख करणारी यंत्रणा) सगळं बसवूनही पहिल्या जोरदार पावसात पंप पुन्हा मॅन्युअलवर घ्यावे लागतात. बहुतेक वेळा उपकरणं चांगली असतात, सेटिंग चुकलेलं असतं.

सर्वांत महागात पडते ती पंप सुरू आणि बंद होण्याच्या पातळ्यांतली जवळीक. समजा, वेट वेलचा, म्हणजे मैलापाणी जमा होणाऱ्या विहिरीचा, व्यास 3 मीटर आणि पंप सेकंदाला 40 लिटर उपसणारा. दोन पातळ्यांत 30 सेंमी ठेवले तर मधे जेमतेम 2.1 घनमीटर मावतं. आवक पंपाच्या निम्मी असते तेव्हा पंप सर्वाधिक वेळा चालू-बंद होतो. इथे साडेतीन मिनिटांत एक फेरी, म्हणजे तासाला 17 स्टार्ट. अशाने वाइंडिंग तापून मोटर जळते. 6 स्टार्टवर, म्हणजे 600 सेकंदांच्या फेरीवर आणायचं तर 600 × 0.04 ÷ 4 = 6 घनमीटर लागतात, म्हणजे याच विहिरीत 85 सेंमी. त्याहून फार वाढवू नका. मैला साचून सडतो.

अल्ट्रासॉनिक सेन्सर शिडीजवळ किंवा येणाऱ्या पाइपच्या धारेवर लावला की तो शिडीची किंवा धारेची पातळी सांगतो. फेसाने सेन्सरच्या ध्वनिलहरी शोषल्या जातात. फेस कायमचाच असेल तर रडार घ्या. सिग्नल तुटल्यावर शेवटचं रीडिंग धरून ठेवण्याचं सेटिंग तर घातकच: विहीर भरत राहते आणि स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. सेन्सरचा 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल 3.6 खाली गेला की बिघाड समजा. वरच्या पातळीला एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) पीएलसीला वगळून थेट स्टार्टरला जोडा. त्यावर तेलकट थर साचतो, तो नियमित धुवा.

पंप चालू आहे, पण पातळी उतरत नाही? चोकअप समजून पंप वर काढण्याआधी बंद पंपाचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बघा. त्यात चिंध्या अडकल्या की चालू पंपाचं पाणी बंद पंपातून विहिरीत परत येतं. बंद पंपाचा स्लुइस व्हॉल्व्ह बंद करा. पातळी उतरू लागली तर दोष तिथेच. तो पंप उलटा फिरत असताना चुकूनही सुरू करू नका.

नियंत्रण स्टेशनवरच्या पीएलसीतच ठेवा, नेटवर्कवर विसंबू नका.

सेन्सरचा ब्रॅकेट झाकणातून वर ओढता येईल असाच हवा. त्याच्या सफाईसाठी माणूस विहिरीत उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या आसपास गेला की नाकाला वासच कळेनासा होतो.