थरावरून गोविंदा पडला तर विम्याचं काय?

केसपेपरवर नुसतं ‘पडल्यामुळे दुखापत’ लिहून घेऊ नका. ‘दहीहंडीच्या थरावरून पडून’ असं तारीख-वेळेसकट डॉक्टरांकडून लिहून घ्या; पुढचा सगळा दावा त्या एका ओळीवर उभा राहतो. एक्स-रे, एमआरआय, बिलं मूळ स्वरूपात जपा, आणि सरकारी किंवा मंडळाच्या विम्याच्या यादीत त्या पोराचं नाव आहे ना, ते मंडळाकडून त्याच दिवशी बघून घ्या.

मेडिक्लेम दवाखान्याचा खर्च देतो. मणक्याला मार बसून कायमचं अपंगत्व आलं, तर एकरकमी पैसे अपघात विम्यातूनच मिळतात. दोन्ही असतील तर दोन्हीकडे दावा करा.

२०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, म्हणून ‘साहसी खेळ वगळलेत’ असं उत्तर मिळू शकतं. तेवढ्यावर अजिबात गप्प बसू नका! मेडिक्लेममधलं हे प्रमाणित कलम व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यांपुरतं आहे, हौशी गोविंदांना ते लागू होत नाही. अपघात विम्याच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या नीट वाचा.

दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जायला हवं.