चिंचोके, टाचेचं रक्त आणि पाळीची तारीख

"पहिल्या पोराले झालं ना मॅडम, मंग आता तीन बिनघोर."

पारशिवनी तालुक्यातल्या एका अंगणात एक बाप मला हे सांगत होता. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या संशोधनाच्या कामाला लागून मला तेव्हा चार महिने झाले होते. आधीच्या भेटीत मीच त्याला म्हटलं होतं, की नवरा-बायको दोघंही सिकलसेलचे वाहक असले, म्हणजे गुण अंगात पण स्वतः आजारी नाहीत असे, तर चारातल्या एका मुलाला आजार होतो. त्याने सरळ हिशेब केला. एक झाला, तीन उरले. बायकोला तिसरा महिना लागला होता आणि तो निश्चिंत होता.

नागपूर विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांची चौकट झोपेतही काढून दिली असती. पण त्या माणसाचा चुकीचा हिशेब माझ्याच वाक्यातून निघाला होता. सोबतच्या जुन्या सिस्टर काही बोलल्या नाहीत. घरातून त्यांनी दोन चिंचोके मागवले आणि पाट्यावर फोडले. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू काळपट, दुसरी पांढरी. अष्टचंग खेळलेल्या कुणालाही ते माहीत असतं. अर्धा चिंचोका नवऱ्याच्या हातात, अर्धा बायकोच्या हातात. पांढरी बाजू म्हणजे सिकलचा गुण, काळी म्हणजे साधा. दोघांनी एकदम टाकायचं. दोन्ही पांढरे पडले तर बाळ एसएस, म्हणजे आजारी. एक पांढरा, एक काळा पडला तर आईबापासारखं वाहक. दोन्ही काळे, तर काही नाही. प्रत्येक डावाला कोळशाची एक रेघ.

आठ डावांत दोन्ही पांढरे तीनदा पडले, त्यातले दोन लागोपाठ. चिंचोका नाण्याइतका तंतोतंत पडत नाही हे खरं, पण सांगायचं ते सांगून होतं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मागच्या डावात काय पडलं, हे चिंचोक्याले याद राहते का?" तो माणूस बराच वेळ जमिनीवरच्या रेघांकडे बघत राहिला. मग विचारलं, "आता काय करता येते?"

करता येण्यासारखं होतं, कारण तिसराच महिना होता. साधारण १० ते १२ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन बाळाची तपासणी होते. पाचव्या महिन्यात कळलं असतं तर हातात फार थोडे दिवस उरले असते. त्या दोघांनी पुढे काय ठरवलं ते त्यांचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही. त्या दिवसापासून मी 'चारातला एक' म्हणत नाही. 'दर खेपेला, नव्याने, चारात एक' असं म्हणते, आणि पिशवीत चिंचोके ठेवते.

जनुकशास्त्र आणि माता-बाल आरोग्य यांच्या मधल्या या कामात येऊ बघणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. या संशोधनासाठी नागपुरातून बाहेर जायलाच हवं, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. विदर्भात सिकलसेल घराघरांत आहे, आदिवासींमध्येही आणि इतर अनेक समाजांमध्येही. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, बायकांचं डागा रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स ही सगळी एका शहरात आहेत. तासा-दीड तासावर सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे देशाच्या धोरणात उतरले. नागपूरचं लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन गरोदर बायका आणि बाळांवरच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे. म्हणजे हे काम दोन वर्षांत संपणारं नाही.

आता रक्ताकडे येऊ. पाठ्यपुस्तकात हा आजार एका ओळीत येतो: बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. गावात पहिली चाचणी विद्राव्यतेची, म्हणजे सोल्युबिलिटीची. स्वस्त, पटकन होणारी. पण ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. वाहक कोण आणि आजारी कोण हे तिला कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती चाचणी फसवतेच, कारण त्या वयात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि सिकलचं थोडं. 'बाळ निगेटिव्ह आहे' म्हणून घरी पाठवलेलं बाळ वर्षाच्या आत हातपाय सुजून परत आलेलं मी पाहिलं आहे.

नवीन माणसं आणखी एका जागी हमखास अडकतात, म्हणून ते सविस्तर सांगते. बायको वाहक निघाली की नवऱ्याला बोलावतात. नवरा आधी येतच नाही. "मले काही झालं नाही, मी काहून रक्त देऊ?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. कशीबशी समजूत काढून आणला, सोल्युबिलिटी केली, निगेटिव्ह आली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. इथेच घात होतो. तो नवरा बीटा थॅलॅसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक असू शकतो. सोल्युबिलिटीत ते दिसत नाही. पण आईकडून सिकल आणि बापाकडून थॅलॅसेमिया आला, तर बाळाला सिकल-बीटा थॅलॅसेमिया होतो आणि तो सिकलसेलसारखाच त्रास देऊ शकतो. म्हणून नवऱ्याचीही एचपीएलसीच करायची आणि एचबी ए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा आकडा बघायचा; थॅलॅसेमियाच्या वाहकात तो वाढलेला असतो. शरीरात लोह फार कमी असेल तर तो आकडा खाली येऊन वाहकपण झाकलं जातं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर दुसऱ्याचंच रक्त मोजलं जातं. हे दोन प्रश्न नमुना घेण्याआधी विचारायचे.

याच कारणाने दुसरीही एक गोष्ट जपा. आई वाहक, बाप सोल्युबिलिटीत साफ आणि मूल आजारी, असं दिसलं की काही जणांचे डोळे लगेच एकमेकांकडे वळतात. बापाची पूर्ण तपासणी होण्याआधी, नमुन्यांची अदलाबदल झाली नाही याची खात्री होण्याआधी तोंडातून एक शब्द निघाला तर त्या बाईचा संसार मोडेल. आणि पूर्ण तपासणीनंतरही तो विषय चहाच्या टपरीवर बोलायचा नसतो.

नवजात बाळाचं रक्त टाचेतून घेतात. शिकायला सगळ्यात जास्त वेळ मला याला लागला. जन्मानंतर २४ ते ७२ तासांच्या मधे घेतलेलं बरं. टाच कोमट कापडाने शेकायची म्हणजे रक्त येतं. टोचायचं ते टाचेच्या कडेला, मधोमध नाही, कारण तिथे हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा मोठा होऊ द्यायचा आणि कागदाच्या गोलाला एकाच बाजूने अलगद टेकवायचा. एका थेंबात गोल भरला पाहिजे आणि मागच्या बाजूनेही तितकाच दिसला पाहिजे. टाच पिळली तर पेशी फुटतात. थेंबावर थेंब दिला तर नमुना बाद. मग तो कागद आडवा ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचा, उन्हात किंवा पंख्यासमोर नाही. पावसाळ्यात ओल पकडते, म्हणून सिलिका जेलच्या पुडीसकट बंद पिशवीत. हे सगळं चालू असताना बाळ आईच्या अंगावर पीत असलं तर कमी रडतं. एवढा खटाटोप का? सिकलसेल वेळेत कळलेल्या बाळाला दोन-तीन महिन्यांचं असल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत पेनिसिलिन देता येतं, न्यूमोनियाची लस वेळेवर देता येते. आईला पोट चाचपून प्लीहा वाढली का ते बघायला शिकवता येतं, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा हे तिच्या मनात पक्कं करता येतं.

आमचं ऊनही ध्यानात ठेवा. माझ्या पहिल्या नवतप्यात मी रक्ताच्या, जांभळ्या झाकणाच्या अकरा नळ्या गाडीच्या डिक्कीत टाकून निघाले, शीतपेटी मागून येणाऱ्या गाडीत होती. रामटेकहून नागपूर गाठेपर्यंत अकराही नमुन्यांतल्या पेशी फुटून ते लालभडक झाले होते. परत त्याच अकरा जणींकडे जाऊन "पुन्हा रक्त द्या" म्हणावं लागलं. दोघींनी दारच उघडलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

प्रयोगशाळेच्या बाहेरचं तितकंच मोठं काम म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख. गरोदरपणाचे आठवडे तिच्यावरूनच मोजतात. नागपूर धरून सहा देशांतल्या केंद्रांत गरोदर बायकांना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन झालेला अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पहिलटकरणींमध्ये ३७ आठवड्यांआधीच्या बाळंतपणाचं प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आलं. म्हणजे फरक दीड टक्क्याचा. आपण गावात बसून तारीख आठवडाभर मागेपुढे लिहिली तर असा फरक हरवून जाईल. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी लागते, आणि ती नसेल तर बाईला तारीख आठवायला मदत करावी लागते. 'किती तारखेला?' असं विचारून उत्तर येत नाही. "मारबत निघाली तेव्हा झाली होती का बाहेर?", "तान्ह्या पोळ्याच्या आधी की नंतर?", "धान रोवायला जात होतीस तेव्हा?" असं विचारलं की ती बरोबर दिवसावर येते. सोबत कालनिर्णय ठेवायचं.

जन्माच्या वजनाचंही तसंच. रजिस्टरमध्ये अडीच किलो, अडीच किलो, अडीच किलो अशी रांग दिसली तर समजा की काटा नीट वाचलेला नाही. २५०० ग्रॅमच्या खाली कमी वजन, म्हणून हात आपोआप अडीचवर थांबतो. काटा रोज शून्यावर आणा, ठरावीक वजन ठेवून तपासा, बाळाचे कपडे काढा आणि जे दिसेल ते लिहा. २४३५ दिसलं तर २४३५.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक रक्ताची नव्हती. एका लग्नाला वर्ष झालेल्या मुलीचा रिपोर्ट घेऊन मी गेले. ती शेतात गेली होती. सासूने प्रेमाने पाणी दिलं, चहा ठेवला, आणि "काय आलं वो?" म्हणून विचारलं. मी सांगितलं. वाहक आहे, आजार नाही, घाबरू नका, असं सगळं समजावून सांगितलं. पंधरा दिवसांनी आशाताईंकडून कळलं, की मुलीला माहेरी पाठवलंय, "खोटी पोरगी दिली" म्हणून. वाहक माणूस साधारणपणे ठणठणीत असतो. तिचा नवराही वाहक होता की नव्हता, हे कुणी तपासलं नव्हतं. मी, सिस्टर आणि आशाताई चार वेळा त्या घरी गेलो. ती परत आली, पण ते तीन महिने तिने कसे काढले ते तिलाच माहीत. रिपोर्ट ज्याचा, त्याच्याच हातात, एकांतात. सासू, सरपंच, शिक्षक, कुणीही कितीही आपुलकीने विचारलं तरी नाही. संमतीपत्रावर अंगठा घेताना साक्षीदार वाचता येणारा आणि आपल्या टीमबाहेरचा हवा. रक्त साठवून पुढच्या अभ्यासाला वापरायचं असेल तर त्याची संमती वेगळी विचारायची. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं नोकरी लागण्याआधी वाचून काढा.

शिक्षणाचं थोडक्यात. जीवरसायन, बायोटेक, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांतलं काहीही चालतं, नर्सिंग आणि एमएसडब्ल्यूवाल्यांची गरज तर आमच्याहून जास्त आहे. पीएच.डी. करायची असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा आयसीएमआरची जेआरएफसाठीची (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची) परीक्षा द्या. एमबीबीएस करणाऱ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस शिष्यवृत्ती ही उत्तम सुरुवात आहे. आकडेशास्त्राला घाबरू नका, पण त्याशिवाय चालेल असंही समजू नका. प्रकल्पातली नोकरी कंत्राटी असते आणि अनुदानाबरोबर संपते, हे घरी आधीच सांगून ठेवा. मुलींनो, सोबत गाडी आणि दुसरं माणूस मिळणार आहे का, हे लाज न बाळगता विचारा. एकटीने संध्याकाळी जंगलपट्ट्यातून परतायचं नाही.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. नमुना घेतल्यापासून किती दिवसांत रिपोर्ट त्या बाईपर्यंत पोचतो? तो कोण सांगतं, कुठे बसून सांगतं? नवऱ्याची तपासणी याच प्रकल्पातून होते की "जिल्ह्याला जा" म्हणतात? एसएस निघालेल्या बाळाचं हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध आणि पेनिसिलिन प्रकल्प संपल्यावर कुठून मिळणार? या चारांची उत्तरं समोरच्याकडे तयार असतील तर पगार थोडा कमी असला तरी जा. "ते नंतर बघू" असं ऐकू आलं, तर मी ती नोकरी धरणार नाही. एकदा धरली होती. सातशेच्या वर बायकांचं रक्त आम्ही घेतलं, शोधनिबंध आला, आणि रिपोर्ट कपाटात राहिले. त्यातले जेवढे पत्ते लागले तेवढे रिपोर्ट मी आणि एका मैत्रिणीने पुढच्या हिवाळ्यात, रविवारी रविवारी, संस्थेची परवानगी काढून वाटले. बऱ्याच जणींना तोवर मूल झालं होतं.