डस्ट कलेक्टरचा कार्ट्रिज फिल्टर घरच्या घरी कसा साफ करावा

डस्ट कलेक्टर म्हणजे सुतारकामाचा भुसा पाइपने ओढून घेणारं मशीन, आणि कार्ट्रिज म्हणजे त्यातला घड्या घातलेला गोल फिल्टर. पाइपची ओढ कमी झाली आणि सॅण्डिंग करताना भुसा हवेत तरंगू लागला, की बहुतेकदा मोटर ठीक असते. फिल्टरच्या घड्या तुंबलेल्या असतात. एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंपासून दाबून बनवलेल्या फळीचा) पिठासारखा भुसा तर सगळ्यात लवकर तुंबवतो, आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत तो घड्यांमध्ये घट्ट बसतो.

आधी प्लग काढा. एन९५ मास्क आणि चष्मा लावा. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्याच गटात ठेवलंय, त्यामुळे नाकावर रुमाल बांधून भागणार नाही.

फिल्टरला घड्या झटकायचं हँडल असेल तर मशीन बंद ठेवून ते दोन्ही दिशांना दहा-बारा वेळा फिरवा. दहा मिनिटं थांबा, भुसा खाली बसू द्या, मग खालची पिशवी सावकाश काढा. नेहमीच्या कामासाठी एवढं पुरतं. घडीवर भुशाचा पातळ थर राहिला तर उलट फायदाच होतो, तो बारीक कण अडवतो. म्हणून दर आठवड्याला फिल्टर चकाचक करायच्या मागे लागू नका.

हँडल फिरवूनही ओढ सुधारली नाही, तर फिल्टर उतरवा आणि कॉम्प्रेसरने हवा मारा. इथेच फिल्टर फाटतात. कलेक्टरवरच्या कार्ट्रिजमध्ये भुसा आतल्या बाजूला साचतो, म्हणून हवा बाहेरून आत मारायची. शॉप व्हॅक्युममध्ये (वर्कशॉपच्या व्हॅक्युम क्लीनरमध्ये) भुसा बाहेर साचतो, तिथे आतून बाहेर. दाब ३० पीएसआयच्या आसपास ठेवा, एअर गन सहा इंच लांब धरा आणि घडीच्या लांबीने वरून खाली फिरवा. जवळून जोरात मारलेली हवा कापडाला भोकं पाडते. हवा मारण्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी काढून टाका, नाहीतर ते फवाऱ्यासारखं उडून भुशाचा लगदा होतो. फिल्टर जमिनीवर आपटू नका. टोकाची पत्र्याची झाकणं वाकली की रबर नीट बसत नाही आणि भुसा बाजूने निसटतो.

हे काम बंद खोलीत करू नका. बाल्कनीतही नको, सगळा भुसा खालच्या घरात जाईल. सोसायटीला विचारून गच्चीवर, वारा पाठीवर येईल असं उभं राहून करा.

कागदी फिल्टर धुवायचाच नाही. पॉलिएस्टरचा असेल आणि कंपनीने धुण्यायोग्य म्हटलं असेल, तरच साध्या पाण्याने, कमी दाबाने, बाहेरून आत धुवा. मग पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. जून ते सप्टेंबरमध्ये धुणं टाळाच: आत ओल राहिली तर बुरशी धरते आणि नवा भुसा चिकटून बसतो.

आता अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत एलईडी बल्ब धरा. सुईच्या टोकाएवढा प्रकाशबिंदू दिसला तर ते भोक आहे, फिल्टर बदला. रबराला चीर पडली असेल, तर फक्त रबर बदललं तरी चालेल.

एक सोय मात्र जरूर करून ठेवा. फिल्टरच्या आधीच्या बाजूला छोटं भोक पाडून पारदर्शक नळी जोडा, ती यू आकारात वळवून रंगीत पाणी भरा, दुसरं टोक हवेत मोकळं ठेवा. फिल्टर नवा असताना मशीन चालवून दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की सफाईची वेळ झाली. सफाईनंतरही आकडा मूळ आकड्याजवळ येत नसेल, तर नवा फिल्टर आणा.