प्रायोगिक कोड प्रकल्पात घेताना या चुका टाळा

नवी कल्पना घेऊन आलेल्या पुल रिक्वेस्टला (आपला कोड प्रकल्पात घ्या, अशा विनंतीला) नाही म्हणणं जिवावर येतं. कुणीतरी रात्री जागून ती लिहिलेली असते. मग मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, मधला मार्ग काढतो: ‘प्रायोगिक’ असा शिक्का मारून मर्ज करू, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळू, पुढचं पुढे बघू. कोड आत कसा येणार ते ठरतं. तो पक्का कधी होणार, आणि नाही झाला तर बाहेर कोण काढणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

शिक्क्यावर भिस्त ठेवणं

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ‘कन्फिग एक्सपेरिमेंटल’ नावाचा पर्याय होता. पुरता न तपासलेला कोड त्याच्यामागे ठेवायचा, असा हेतू. पण वर्षानुवर्षं इतकं काही त्याच्यामागे साचलं की जवळपास सगळेच तो चालू ठेवू लागले. शिक्क्याला अर्थच उरला नाही आणि २०१३ च्या सुमारास तो काढून टाकावा लागला.

त्याच कर्नलमध्ये २००८ पासून ‘स्टेजिंग’ विभाग आहे. तिथल्या ड्रायव्हरसोबत काय काय सुधारायचं बाकी आहे, याची टूडू फाइल असते. ड्रायव्हर लोड केला की लॉगमध्ये इशारा येतो आणि कर्नलवर तशी खूण उमटते, म्हणजे बग कळवणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही ते दिसतं. ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो ड्रायव्हर हटवला जातो. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे बाकी कामाची यादी कोडच्या शेजारीच राहते.

मुदत न घालणं

कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीतला इन्ग्रेस एपीआय (बाहेरून येणारी रहदारी आत वळवण्यासाठीचा) २०१५ मध्ये बीटा, म्हणजे अजून पक्का न झालेला, म्हणून आला आणि थेट २०२० मध्ये स्थिर झाला. तोवर लोक त्याच्यावर बिनधास्त विसंबून होते. त्यानंतर प्रकल्पाने नियमच केला: एपीआय बीटात आला की ९ महिन्यांत स्थिर करा किंवा नवी बीटा आवृत्ती आणून जुनी बाद करा. लहान प्रकल्पाला एवढी शिस्त नको, पण प्रायोगिक कोड चालू-बंद करणाऱ्या खटक्याच्या, म्हणजे फ्लॅगच्या, शेजारी एक कॉमेंट हवीच: जबाबदार कोण, इश्यू (कामाची नोंद) कुठला, कुठल्या रिलीजला निर्णय. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत तर अस्थिर सुविधेच्या नोंदीत ट्रॅकिंग इश्यूचा क्रमांक असतो, आणि ती सुविधा नाव घेऊन, नाइटली (रोज रात्री तयार होणाऱ्या चाचणी आवृत्तीच्या) कंपायलरवरच चालू करता येते. चुकून कुणी वापरेल ही भीतीच नाही.

फ्लॅग बंद केला की सगळं पूर्ववत होईल, असं धरून चालणं

हे मी स्वतः भोगलं आहे. मी सांभाळत असलेल्या एका लायब्ररीत नवा कॅशे (पुन्हा लागणारा डेटा साठवून ठेवणारा भाग) फ्लॅगमागे घेतला होता. कोड नीटनेटका होता, टेस्ट हिरव्या होत्या. पुढे लिहिणाऱ्याला वेळ मिळेना, म्हणून मी फ्लॅग बंद केला आणि दुसऱ्याच दिवशी तक्रारी आल्या: प्रोग्राम सुरूच होत नाही. नव्या कॅशेने जुन्याच फोल्डरमध्ये, जुन्याच नावाने, वेगळ्या रचनेच्या फाइली लिहिल्या होत्या आणि जुना कोड त्या वाचताना कोलमडत होता. तेव्हापासून रिव्ह्यूत मी पहिला प्रश्न हाच विचारते: हा कोड डिस्कवर किंवा डेटाबेसमध्ये काय मागे ठेवतो? प्रायोगिक डेटाला वेगळा फोल्डर आणि फाइलच्या सुरुवातीला आवृत्तीचा आकडा, एवढं झाल्याशिवाय मर्ज नाही. सीआयमध्येही (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीतही) फ्लॅग चालू करून, मग बंद करून, त्याच डेटावर टेस्ट चालवायची.

‘बघू’ म्हणून सोडून देणं

पुल रिक्वेस्ट सहा महिने उघडी ठेवणं हा नकारापेक्षा वाईट अनुभव असतो. बिचारा माणूस दर आठवड्याला रीबेस करत, म्हणजे आपला बदल ताज्या कोडवर पुन्हा बसवत, बसतो. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘कल्पना पटली. पण रचना अजून बदलेल असं दिसतंय, म्हणून मुख्य ब्रँचमध्ये आत्ता घेत नाही. यातला रिफॅक्टरिंगचा (वागणूक न बदलता कोडची मांडणी सुधारण्याचा) भाग वेगळा करून पाठवलात तर तो लगेच घेता येईल. बाकीचं प्लगइन म्हणून करता येतंय का, बघाल का?’ काय हवंय ते कळलं की माणूस टिकतो.

आधीच गुंता झाला असेल तर

सगळे फ्लॅग शोधून एका इश्यूत मांडा आणि प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्ती लिहा. ज्याला कुणी वाली नाही, त्याच्यासाठी हाक द्या. एक रिलीज इशारा दाखवा, पुढच्या रिलीजला कोड काढा. काढताना कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या नोंदीत) मूळ लिहिणाऱ्याचं नाव, काढण्याचं खरं कारण आणि शेवटचा चालता कमिट नोंदवा. पुढे कुणाला ते काम पुन्हा हातात घ्यायचं झालं, तर शोधाशोध करावी लागणार नाही.