मालदीवचं रिसॉर्ट निवडताय? खोलीचं भाडं सगळ्यात शेवटी बघा

मावसभावाने दिवाळीच्या सुट्टीसाठी शोधाशोध करताना एक स्क्रीनशॉट पाठवला. पाण्यात खांबांवर उभी लाकडी खोली, खाली हिरवंनिळं पाणी आणि कोपऱ्यात भाव, एका रात्रीचे 250 डॉलर. सोबत मेसेज, ‘दादा, लाँग वीकएंडला महाबळेश्वरवालेही जवळपास एवढेच घेतात रे! करून टाकू का बुक?’ मी त्याला दोनच प्रश्न विचारले. तिथे पोचायचं कसं आणि जेवायचं काय? उत्तर यायला दोन दिवस लागले, आणि तोवर त्याचं बजेट अडीचपट झालं होतं.

मालदीवचा हिशेब वेगळा का पडतो, ते आधी समजून घ्या. तिथलं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, 1972 साली सुरू झालं, आणि तेव्हापासून रीत पडली ती ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशी. म्हणजे तुम्ही ज्या बेटावर उतरता तिथे दुसरं हॉटेल नाही, कोपऱ्यावर टपरी नाही, पाण्याची बाटली घ्यायला किराणा दुकान नाही. पिठापासून डिझेलपर्यंत सगळं बोटीने येतं. गोव्यात हॉटेलचं जेवण महाग वाटलं तर आपण स्कूटर काढून फिश थाळी गाठतो. इथे स्कूटर काढून जायचं कुठे? म्हणून खोलीचं भाडं म्हणजे नुसतं प्रवेशाचं तिकीट. खरा भाव परतीच्या दिवशी हातात पडतो, तो आधीच काढायचा कसा ते बघू.

पायरी 1 : बेट नकाशावर शोधा

रिसॉर्टचं नाव आवडलं की फोटो बघत बसू नका, नकाशा उघडा. विमान उतरतं ते माले शहराशेजारच्या हुलहुले बेटावर, वेलाना विमानतळावर. तिथून तुमचं बेट किती लांब आहे, यावर बरंच काही ठरतं. जवळच्या बेटांना स्पीडबोट जाते. लांबच्यांना सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, नाहीतर देशांतर्गत विमान आणि पुढे बोट.

सीप्लेनचं जाण्यायेण्याचं भाडं माणशी साधारण 400 ते 600 डॉलर असतं. चौघांचं कुटुंब असेल तर या रकमेत जवळच्या बेटावर आणखी दोन-तीन रात्री निघतात. लहान मुलांचं भाडं कमी असतं, पण माफ नसतं. सामानालाही मर्यादा असते, बहुधा 20 किलोची बॅग आणि 5 किलो हातात. वरून दिसणारी प्रवाळ बेटांची कंकणं मात्र डोळ्यांचं पारणं फेडतात, हे मान्य केलंच पाहिजे. आयुष्यात एकदा तेवढ्यासाठी पैसे मोजले तर मी कुणाला नावं ठेवणार नाही. फक्त ते सहलीवरचे पैसे म्हणून मोजा, ‘स्वस्त रिसॉर्ट’ म्हणून नको.

सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. साधारण दुपारी साडेतीनच्या आत माले गाठलं नाही, तर त्या दिवशी बेटावर पोचणं जवळपास अशक्य. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्यांनी बुकिंग करून दिलं त्यांनी हे सांगितलंच नाही. आमचं विमान उतरलं संध्याकाळी पाचला. रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात स्वखर्चाने काढली, आणि रिसॉर्टची पहिली रात्र भरलेली होती ती गेली ती गेलीच. मुंबईहून थेट विमानाला जेमतेम तीन तास लागतात, त्यामुळे सकाळचं किंवा दुपारच्या आत पोचवणारं विमान निवडणं तसं अवघड नाही. उशिराचंच मिळत असेल तर स्पीडबोटवालं बेट घ्या. तिथेही शेवटची बोट किती वाजता सुटते ते विचारून ठेवा.

पायरी 2 : भावापुढचे दोन अधिक वाचा

250++ असं लिहिलेलं दिसलं की ती दोन चिन्हं म्हणजे सेवाशुल्क आणि कर. सेवाशुल्क 10 टक्के. त्यावर पर्यटनाचा जीएसटी, जो 1 जुलै 2025 पासून 17 टक्के झाला. तो सेवाशुल्क धरून होणाऱ्या रकमेवर लागतो, त्यामुळे एकूण वाढ 27 नव्हे, 28.7 टक्के. म्हणजे 250 चे झाले जवळजवळ 322. हीच वाढ जेवणाला, मसाजला, स्नॉर्केलिंगच्या (तोंडात नळी धरून पाण्यातले मासे बघण्याच्या) सहलीला आणि नारळपाण्यालाही लागते. मेन्यूकार्डावर 20 डॉलर दिसले की मनात 26 धरायची सवय करा.

त्याशिवाय ग्रीन टॅक्स. 2025 पासून रिसॉर्टमध्ये माणशी, रात्री 12 डॉलर. दोन वर्षांखालच्या बाळांना माफ. काही संकेतस्थळं हा धरून भाव दाखवतात, काही तो ‘हॉटेलात भरावा’ म्हणून बारीक अक्षरात खाली टाकतात.

पायरी 3 : जेवणाचा बेत बेट ठरवण्याआधी ठरवा

नुसता नाश्ता, नाश्ता आणि रात्रीचं जेवण म्हणजे हाफ बोर्ड, तिन्ही वेळचं म्हणजे फुल बोर्ड, आणि पेयांसकट सगळं म्हणजे ऑल इन्क्लुसिव्ह. आपल्याकडची माणसं हमखास नाश्तावाला पर्याय घेतात. ‘दुपारी काहीतरी हलकं खाऊ, सोबत चिवडा आणि थालीपीठं नेऊ.’ न्या, जरूर न्या, पण चार दिवस चिवड्यावर निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं फ्रेंच फ्राइज मागतातच.

हाफ आणि फुल बोर्डमध्ये पेयं बहुधा वेगळी असतात, आणि काही ठिकाणी जेवणाच्या टेबलावरचं बाटलीबंद पाणीसुद्धा पेयांत मोजतात. ते विचारून घ्या. तुम्ही मद्य घेत नसाल तर ऑल इन्क्लुसिव्हचे पैसे वाया जातात असं वाटेल, पण ते नेहमी खरं नसतं. पुष्कळ ठिकाणी त्यातच दुपारचा चहा-खाऊ, स्नॉर्केलिंगचं साहित्य, एखादी बोटीची सैर येते. दोन्ही बेरजा करून बघा. दारू घरून नेण्याचा विचार मात्र करू नका. ती देशात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

शाकाहारी असाल तर बुकिंगआधी ईमेल करून कालचा मेन्यू मागवा. बुफेत भारतीय काउंटर आहे का, की फक्त सॅलड, पास्ता आणि डाळ, ते त्यातून कळतं. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही तेव्हाच लेखी घ्या.

आता भावाला करून दाखवलेली बेरीज. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण प्रमाण असंच पडतं. दोघं, चार रात्री.

पहिलं रिसॉर्ट 250++, नाश्त्यासह. खोलीचे चार रात्रींचे 1,000, करांसह 1,287. ग्रीन टॅक्स 96. सीप्लेन माणशी 450, म्हणजे 900. दोन वेळची जेवणं माणशी दिवसाला 100 धरली तर 800, करांसह साधारण 1,030. एकूण 3,313 डॉलर.

दुसरं रिसॉर्ट रात्रीला 550, सगळे कर आणि ग्रीन टॅक्स धरून, ऑल इन्क्लुसिव्ह. चार रात्रींचे 2,200. स्पीडबोट माणशी 150, म्हणजे 300. एकूण 2,500 डॉलर.

दिसायला दुप्पट महाग असलेलं रिसॉर्ट आठशे डॉलरनी स्वस्त पडलं. कागदावर अशी बेरीज मांडल्याशिवाय दोन रिसॉर्टची तुलना करूच नका.

पायरी 4 : कधी जायचं

डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, समुद्र शांत, भाव चढे. मे ते ऑक्टोबर तिथला नैऋत्य मोसमी काळ, भाव उतरलेले. आपल्या कोकणातल्यासारखी दिवसेंदिवस झड लागेलच असं नाही. पुष्कळदा सर येते, तासाभरात ऊन पडतं, पण वारा आणि लाटा असतात, आणि सलग दोन दिवस ढगाळही जाऊ शकतात. मे महिन्याची शाळेची सुट्टी नेमकी या उतरणीच्या सुरुवातीला येते, हे आपलं नशीब.

पावसाळी महिन्यांत एक गोष्ट उलट फायद्याची आहे. बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कंकण) हनिफारू उपसागरात साधारण जून ते नोव्हेंबर प्लवकांच्या मागे मांटा रे माशांचे थवे येतात. 2011 पासून बा अटॉल युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. ज्याला ते बघायचं आहे त्याचा हंगाम स्वस्ताईचाच.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. भाव चढलेले असतातच, शिवाय 24 आणि 31 डिसेंबरच्या रात्रीची खास मेजवानी पुष्कळ ठिकाणी सक्तीची असते आणि तिचे पैसे वेगळे लागतात.

पायरी 5 : पाणी वरून बघा

सगळ्या फोटोंत पाणी सुंदरच दिसतं. उपग्रहाचा नकाशा खोटं बोलत नाही. किनाऱ्याला लागूनच गडद, तपकिरी-निळी कड दिसली तर प्रवाळाचा खडक जवळ आहे. त्याला हाऊस रीफ म्हणतात. चष्मा लावून किनाऱ्यावरून पाण्यात शिरलं की दहा मिनिटांत मासे. बेटाभोवती लांबपर्यंत फिकट पोपटी पाणी असेल तर ते उथळ लगून. फोटोला झकास, मुलांना डुंबायला उत्तम, पण मासे बघायला दर वेळी पैसे भरून बोटीने जावं लागणार. हाऊस रीफ चांगला असेल तर रोजची करमणूक फुकट, म्हणून मी तरी त्यालाच जास्त गुण देतो. फक्त गेल्या वर्षा-दोन वर्षांतलेच अभिप्राय वाचा. 1998, 2016 आणि 2024 मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं, तेव्हा दहा वर्षांपूर्वीचं कौतुक आज कामाचं नाही.

अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा, तीन तारेवाले वाचा. ती माणसं रागावलेली नसतात आणि भारावलेलीही नसतात. वाळू वाहून गेली का, किनाऱ्यावर पोती रचली आहेत का, शेजारच्या बेटावर बांधकाम चालू आहे का, डास आहेत का, हे तिथे सापडतं. पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा, रिसॉर्टचे नकोत.

पायरी 6 : पाण्यावरची खोली हवीच का?

हवी तर घ्या, पण सगळ्या रात्री नको. बीच व्हिला बहुधा बरीच स्वस्त असते, दाराबाहेर वाळू आणि सावली मिळते. दोन रात्री किनाऱ्यावर, एक पाण्यावर, अशी वाटणी बरीच रिसॉर्ट करून देतात. लहान मुलं असतील तर पाण्यावरच्या खोलीच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात हे ध्यानात ठेवा. काही ठिकाणी ठरावीक वयाखालच्या मुलांना तिथे ठेवूच देत नाहीत.

पायरी 7 : स्थानिक बेटाचा पर्याय

2009 नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसना परवानगी मिळाली, आणि मालदीव मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. माफुशी, थुलुसधू, उकुलहास, व्हेल शार्कसाठी धिगुरा ही नावं शोधा. पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्टहाऊसला ग्रीन टॅक्सही निम्मा, 6 डॉलर. मालेहून सरकारी फेरीने माफुशी सुमारे दीड तासावर आहे, भाडं अगदी किरकोळ. शुक्रवारी मात्र फेरी बंद असते. इथे मद्य मिळत नाही, पोहण्याचे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर चालतात, आणि रमजानमध्ये दिवसा बरीच उपाहारगृहं बंद असतात. सकाळी गरम रोशी, म्हणजे जवळपास आपली पोळीच, आणि सोबत ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची चुरून केलेलं मास हुनी. मालवणकडच्या माणसाला ते पहिल्या घासाला ओळखीचं वाटेल.

माझ्या मते पाच रात्रींची सगळ्यात फायद्याची सहल म्हणजे आधी तीन रात्री स्थानिक बेट, शेवटच्या दोन रात्री रिसॉर्ट. भावानेही शेवटी तेच केलं.

पायरी 8 : बुकिंग

दोन-तीन नावं उरली की रिसॉर्टला थेट ईमेल करा: इतकी माणसं, मुलांची वयं, या तारखा, जेवण, बोट किंवा विमान आणि सगळे कर धरून एकच रक्कम कळवा. तोच आकडा बुकिंग संकेतस्थळाच्या आणि इथल्या टूर कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारजमा करायचा कर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्याची नोंद जपून ठेवा. तिथे कार्डाने पैसे देणार असाल तर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार आधी तपासा.

व्हिसा पोचल्यावर मोफत मिळतो. प्रवासाआधीच्या 96 तासांत ‘इमुगा’ हा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तोही मोफत. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत.

बेटावर पोचल्यावर घड्याळ विचारा. मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण बरीच रिसॉर्ट स्वतःची वेळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळीच रिसेप्शनवरून बिलाची प्रत मागवून ओळन्‌ओळ तपासा. आमच्या बिलात कुणा दुसऱ्याच खोलीचे दोन मसाज लागले होते. सकाळी जेट्टीवर बोट सुटायच्या बेतात असताना ते निस्तरायला कुणालाच वेळ नसतो.