ड्राफ्टपूर्वी महाविद्यालयीन फुटबॉलपटूची पारख कशी करावी

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंची निवड, दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस होतो. सात फेऱ्यांत ३२ संघ मिळून अडीचशेच्या वर खेळाडू निवडतात. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी हा आकडा २५७ होता. हायस्कूल सोडून किमान तीन वर्षे झालेला खेळाडूच या निवडीस पात्र ठरतो, त्यामुळे ज्याची पारख करायची त्याच्या खेळाचे बरेच चित्रण बहुधा हाताशी असते. तरीही जानेवारी उजाडला की चाहते खेळ पाहणे सोडून धावण्याच्या वेळा, तज्ज्ञांच्या याद्या आणि कोणता संघ कोणाला भेटला याच्या बातम्या यांतच गुंतून पडतात. स्वतःचे मत बनवायचे असेल तर क्रम उलटा हवा: आधी खेळ पाहावा, पाहिलेले लिहून काढावे, त्यानंतर मोजमापे उघडावीत आणि इतरांची मते अगदी शेवटी वाचावीत. एकदा ४० यार्ड धावण्याची वेळ कानावर पडली की डोळे तीच वेळ चित्रणात शोधू लागतात, हे या क्रमामागचे खरे कारण आहे.

सामने निवडताना ठळक क्षणांच्या फितींना हातही लावू नये, कारण त्यांत फसलेला डाव कधीच नसतो. प्रत्येक खेळाडूचे तीन-चार पूर्ण सामने पुरतात, मात्र ते विचारपूर्वक निवडावेत. त्यांपैकी एक सामना हंगामातील सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा असावा, एक त्याच्या सर्वांत वाईट कामगिरीचा आणि एक नोव्हेंबरमधला, म्हणजे शरीर शिणलेले असताना तो कसा खेळतो ते दिसते. सन बेल्ट किंवा मिड-अमेरिकन यांसारख्या लहान कॉन्फरन्समधील, म्हणजे संघांच्या गटांतील, खेळाडू असेल तर सप्टेंबरकडे लक्ष द्यावे, कारण हे संघ हंगामाच्या सुरुवातीला एसईसी किंवा बिग टेनमधील बलाढ्य संघांच्या मैदानावर जाऊन खेळतात आणि त्या एका सामन्यातून उरलेल्या दहा सामन्यांहून अधिक कळते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला अलाबामातील मोबिल येथे होणाऱ्या सीनियर बोल या निवडक महाविद्यालयीन खेळाडूंच्या सामन्याचेही तसेच आहे. तेथे प्रत्यक्ष सामन्यापेक्षा आठवडाभराचे सराव, त्यातही एकास एक झुंजी, अधिक पाहण्याजोग्या असतात.

दूरचित्रवाणीच्या चित्रणाची एक मोठी मर्यादा आहे. कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे खोलवर उभा असलेला, बचावाच्या शेवटच्या फळीतला सेफ्टी किंवा पास झेलायला दूर धावलेला रिसीव्हर चौकटीबाहेर राहतो. मैदानावरील सर्व २२ खेळाडू एकाच वेळी दाखवणारे चित्रण संघांकडे असते, पण महाविद्यालयीन सामन्यांचे तसे चित्रण सामान्य प्रेक्षकाला सहसा मिळत नाही. म्हणून घरबसल्या पारख करणाऱ्याने समोरासमोरच्या फळीतले लाइनमन, कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारे एज रशर, चेंडू घेऊन धावणारे रनिंग बॅक आणि काही प्रमाणात पास फेकणारे क्वार्टरबॅक यांच्याबद्दल ठाम बोलावे, आणि रिसीव्हरवर पहारा ठेवणारे कॉर्नरबॅक व सेफ्टी यांच्या नावापुढे निःसंकोचपणे जागा रिकामी सोडावी.

पाहण्याची रीत लाइनमनवरून उत्तम शिकता येते. प्रत्येक स्नॅप, म्हणजे चेंडू खेळात येण्याचा क्षण आणि त्यापुढचा डाव, किमान तीनदा पाहावा: एकदा पायांसाठी, एकदा हातांसाठी आणि एकदा शेवट कसा होतो त्यासाठी. समजा, तिसरा डाउन, म्हणजे दहा यार्ड गाठण्याच्या चार प्रयत्नांतला तिसरा, आहे, अजून आठ यार्ड हवेत आणि पास येणार हे मैदानातील प्रत्येकाला ठाऊक आहे. चेंडू हलताच डावा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीच्या डाव्या टोकाचा लाइनमन, डावा पाय मागे सरकवतो आणि उजवा पाय त्यामागून ओढून घेतो; हे करताना दोन्ही पायांतील अंतर साधारण तेवढेच राहते का, ते पहिल्या वेळी पाहावे. पाय एकमेकांना चिकटले त्याच क्षणी आतल्या बाजूने येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला वाट मिळालेली असते. दुसऱ्यांदा हात पाहावेत: तळवे प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आतून बसतात, की बाहेरून खांद्यावर पडतात? बाहेर पडलेले हात पुढे जर्सी पकडतात आणि होल्डिंगचा दंड ओढवून घेतात. तिसऱ्या वेळी पाहावे की समोरचा सरळ छातीत घुसला तेव्हा हा कंबर खाली घेऊन दोन पावलांत थांबला, की थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर जाऊन आदळला. तांबड्या मातीतली कुस्ती पाहिलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही, कारण तेथेही हाताचा ताबा कोणाकडे आहे आणि कोणाची कंबर खाली आहे एवढ्यावरच पुढचे बरेच ठरते.

टॅकल कसा हरला याची नोंद तो किती वेळा हरला यापेक्षा मोलाची असते. पहिल्या पावलातच मागे पडणे आणि साडेतीन सेकंद अडवून धरल्यानंतर सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रसंगी दोष बहुधा चेंडू कवटाळून बसलेल्या क्वार्टरबॅकचा असतो, पण आकडेवारीत तो लाइनमनच्या खात्यावर पडतो.

एज रशरची पारख याच झुंजीच्या दुसऱ्या टोकाने करावी. त्याने किती सॅक केले, म्हणजे पास सुटण्याआधी क्वार्टरबॅकला किती वेळा पाडले, हे न मोजता प्रत्येक सॅक कसा घडला ते लिहावे. ज्याला कोणी अडवलेच नव्हते, किंवा ज्याच्यासमोर टॅकलऐवजी अंगाने हलका टाइट एंड होता, असे सॅक वेगळे काढावेत. उरलेल्यांत तीन गोष्टी शोधाव्यात: स्नॅपबरोबर पहिले पाऊल पडते का, टॅकलच्या बाहेरून वळताना खांदा खाली झुकवून वेग टिकवता येतो का, आणि पहिला डाव अडला की हाताशी दुसरा तयार असतो का. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण एनएफएलमधील टॅकल पहिला डाव अडवतातच. व्हर्नन गोल्स्टनने २००७ च्या हंगामात ओहायो स्टेटसाठी १४ सॅक केले होते आणि पुढे कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्वीच्या सामूहिक चाचण्यांत, २२५ पौंडांचा भार ३७ वेळा उचलला. न्यूयॉर्क जेट्सने त्याला २००८ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतले आणि तेथील तीन हंगामांत त्याला एकही सॅक करता आला नाही. त्याआधी २००३ मध्ये ॲरिझोना स्टेटचा टेरेल सग्स संथ धावला म्हणून दहाव्या क्रमांकापर्यंत उरला. त्याने कारकिर्दीत १३९ सॅक केले. गोल्स्टनच्या बाबतीत मैदानावरचे आणि मोजपट्टीवरचे, दोन्ही आकडे होकार देत होते, हे विसरू नये.

क्वार्टरबॅककडे वळण्याआधी दोन नियम समजून घ्यावे लागतात. महाविद्यालयीन मैदानावर, चेंडू कोठे ठेवायचा हे ठरवणाऱ्या हॅश खुणांच्या दोन ओळींत ४० फुटांचे अंतर असते, तर एनएफएलमध्ये ते १८ फूट ६ इंच आहे. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू अनेकदा मैदानाच्या एका कडेला ठेवला जातो आणि दुसरी बाजू मोकळी, ऐसपैस पडते. प्रशिक्षक त्या मोकळ्या बाजूवर सोपे पास आखतात. व्यावसायिक मैदानावर ती जागा मिळत नाही. दुसरे असे की महाविद्यालयात पास फेकण्याआधी लाइनमन तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये मात्र एकच यार्ड. धाव की पास हे चेंडू हाती आल्यावर ठरवण्याचे डाव महाविद्यालयात इतके फोफावले, त्यामागे ही सवलत बऱ्याच अंशी आहे.

म्हणून वहीत पासांचे तीन ढीग करावेत. स्क्रीन, म्हणजे लाइनमनच्या आडून दिलेले छोटे पास, आणि स्क्रिमेज रेषेच्या, म्हणजे डाव सुरू होतो त्या रेषेच्या, मागे फेकलेले पास एका ढिगात, पहिल्याच नजरेत मोकळ्या दिसलेल्या रिसीव्हरला दिलेले दुसऱ्यात आणि उरलेले तिसऱ्यात. पारख करायची ती केवळ तिसऱ्या ढिगावर. रिसीव्हर वळण्याआधी चेंडू हातातून सुटला होता का? पॉकेट, म्हणजे लाइनमननी त्याच्याभोवती केलेले कडे, ढासळू लागल्यावर त्याची नजर मैदानावर राहिली, की अंगावर येणाऱ्या लाइनमनकडे गेली? दुसरीकडे पाहताना त्याचे पायही त्या दिशेने वळले, की तो नुसत्या दंडाच्या जोरावर फेकत राहिला? काही क्वार्टरबॅकचे चार सामने पाहूनही तिसऱ्या ढिगात वीस-पंचवीसच पास उरतात, आणि ती स्वतःच एक महत्त्वाची नोंद असते.

अनुभवाचाही प्रश्न येतो. शिकागो बेअर्सने २०१७ मध्ये एक क्रमांक वर सरकून दुसऱ्या स्थानावर घेतलेला मिचेल ट्रुबिस्की नॉर्थ कॅरोलिनासाठी केवळ १३ सामने सुरुवातीपासून खेळला होता. त्याच ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने २७ व्या क्रमांकावरून दहाव्यावर येऊन टेक्सस टेकच्या पॅट्रिक महोम्सची निवड केली, तेव्हा तेथील पासप्रधान पद्धतीत वाढलेले क्वार्टरबॅक व्यावसायिक खेळात टिकत नाहीत असे सर्रास म्हटले जाई. पद्धत दोषी धरून माणूस नाकारणे हा आळस आहे. पद्धत वजा केल्यावर माणूस किती उरतो हेच तर पाहायचे असते. आयोवा स्टेटमध्ये चार हंगाम खेळलेला ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडला गेला आणि दुसऱ्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. वायोमिंगमध्ये जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण करणारा जॉश ॲलन बफेलोत थोर क्वार्टरबॅक झाला, हेही खरे. पण त्याला अपवाद म्हणूनच लक्षात ठेवावे, नाहीतर दरवर्षी एखाद्या ताकदवान पण बेभरवशाच्या क्वार्टरबॅकमध्ये नवा ॲलन दिसू लागतो.

रिसीव्हरबद्दल थोडक्यात एवढेच की, स्क्रिमेज रेषेवर अंगाला भिडणाऱ्या कॉर्नरबॅकपासून तो कसा सुटतो आणि चेंडू हातांनी झेलतो की छातीवर घेतो, हे आधी पाहावे. रनिंग बॅकच्या धावांपेक्षा पासच्या वेळी तो अडवायला कसा उभा राहतो यावर नवख्या खेळाडूचे मैदानावर टिकणे अधिक अवलंबून असते.

आता मोजमापे. इंडियानापोलिस येथे फेब्रुवारीच्या अखेरीस भरणाऱ्या कंबाइनमध्ये तीनशेहून अधिक खेळाडू येतात, आणि मार्चमध्ये विद्यापीठांतून तशाच चाचण्यांचे प्रो डे होतात. प्रो डेच्या वेळा घरच्या मैदानावर, बहुधा हाताने घेतलेल्या असतात, त्यामुळे त्या प्रत्यक्षाहून किंचित वेगवान समजाव्यात. ४० यार्डांच्या धावेत झेवियर वर्दीने २०२४ मध्ये ४.२१ सेकंदांचा कंबाइनचा विक्रम केला, त्याआधीचा ४.२२ चा विक्रम जॉन रॉसच्या नावावर होता, आणि २०१७ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडला गेलेला रॉस सिनसिनाटीत कधी स्थिरावलाच नाही. लाइनमनच्या बाबतीत ४० यार्डांपेक्षा त्यातील पहिले दहा यार्ड अधिक उपयोगी असतात, तर एज रशरसाठी तीन शंकूंभोवतीची धाव, कारण वळताना वेग टिकतो का हे तीत दिसते.

मोजमापाचा खरा उपयोग पुन्हा चित्रणाकडे परत पाठवणे हा आहे. विल कॅम्पबेलचे हात २०२५ च्या कंबाइनमध्ये ३३ इंचांपेक्षा किंचित कमी भरले आणि तो टॅकल म्हणून टिकेल का यावर आठवडेच्या आठवडे चर्चा झाली. न्यू इंग्लंडने त्याला चौथ्या क्रमांकावर घेऊन डाव्या टॅकलच्याच जागी खेळवले. त्याच तक्रारीचा धनी असलेला पीटर स्कोरॉन्स्की २०२३ मध्ये अकरावा निवडला गेला आणि टेनेसीत टॅकलच्या आतल्या बाजूचा गार्ड झाला. अशा वेळी आकड्यावर वाद घालण्याऐवजी, प्रतिस्पर्ध्याचे हात आधी छातीवर पोहोचले असे स्नॅप मोजावेत. ते थोडे असतील तर त्या खेळाडूने उणिवेवर उपाय शोधलेला आहे. ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर २०१८ च्या कंबाइनमध्ये ४० यार्ड ५.८५ सेकंदांत धावला आणि २२५ पौंड केवळ १४ वेळा उचलू शकला. तो तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला आणि पुढे चार वेळा वर्षातील उत्तम खेळाडूंच्या प्रो बोलसाठी निवडला गेला.

वय अवश्य तपासावे. बदली आणि वाढीव पात्रतेमुळे हल्ली २४ वर्षांचे खेळाडू १९ वर्षांच्या मुलांसमोर उभे दिसतात. तेथील वर्चस्वातून थोडी वजावट करावी लागते. दुखापतींबाबत मात्र अंदाज बांधू नये. नोत्र दामचा लाइनबॅकर जेलन स्मिथ २०१६ च्या फिएस्टा बोलमधील गुडघ्याच्या दुखापतीनंतर ३४ व्या क्रमांकावर गेला, कारण संघांच्या डॉक्टरांसमोर जे अहवाल होते ते बाहेर कोणासमोर नव्हते. आपल्या टिपणात फक्त प्रश्नचिन्ह मांडावे.

टिपण लिहिण्याच्या शिस्तीला मोठा इतिहास आहे, आणि त्यात एका भारतीयाचा वाटा आहे. डॅलस काउबॉइजने १९६० च्या दशकात, खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांची मते संगणकात भरण्याची पद्धत उभारली, ती भारतातून गेलेल्या सलाम कुरेशी या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने. ‘चांगला’, ‘चपळ’, ‘लढवय्या’ असे शब्द प्रत्येक स्काउट आपापल्या मापाने वापरतो, म्हणून ठरलेल्या गुणांसाठी ठरलेल्या श्रेणी देणे भाग पाडले गेले. घरच्या वहीतही हेच करावे. ‘स्फोटक खेळाडू’ असे न लिहिता ‘पहिल्या हंगामात तिसऱ्या डाउनला पास रशर म्हणून येईल, धावेविरुद्ध अजून वीस पौंड हवेत’ असे लिहावे, म्हणजे ते पुढे तपासता येते. श्रेणी देताना पहिल्या फेरीत ३२ जागा आहेत म्हणून त्या तोडीचे ३२ खेळाडू शोधत बसू नये. बहुतेक वर्षी ते वीसच्या आसपासच असतात, असे संघांचे अधिकारीही सांगतात.

एप्रिल लागला की अफवांना ऊत येतो, कारण संघ खोट्या आवडीनिवडी मुद्दाम पसरवतात. या काळात श्रेणी बदलायचीच असेल तर नव्या मोजमापामुळे किंवा नव्याने पाहिलेल्या सामन्यामुळे बदलावी, आणि बदलाची तारीख व कारण शेजारी लिहावे. वही तीन हंगामांनंतर पुन्हा उघडावी. त्या वेळी खेळाडू यशस्वी ठरला का एवढेच न पाहता, ज्या कारणासाठी श्रेणी दिली होती ते कारण खरे ठरले का, हे प्रत्येक नावापुढे वेगळ्या रकान्यात नोंदवावे.